भेंडीचा चिकटा आणि राजारामचा काटा

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये स्टुलावर बसून भेंडी चिरायची वेळ आली, त्या दिवशी राजाराम गोताडला वाटलं की झालं, आता या कॉलेजात आपली काही अब्रू उरली नाही. अठ्ठावीस वर्षं तो इथे परिचर होता. या अठ्ठावीस वर्षांत त्याने ब्युरेटी लावल्या, पोरांनी फोडलेल्या काचा वेचल्या, मागे एका प्राचार्यांच्या मुलीच्या बांगड्यांचं वजन चार दशांश स्थळांपर्यंत करून दिलं आणि प्राचार्य व त्यांचा सोनार यांच्यात कायमचा बेबनाव घडवून आणला. पण भाजी कधी चिरली नव्हती.

"मी काय आचारी हाय?" त्याने तेजलला विचारलं.

तेजल ही पीएच.डी. करणारी मुलगी. अंजनवेलची. अंगाने काडी, पण पिशवीतून पाच किलो भेंडी घेऊन जिने चढून आली होती. "काका, बिया काढून फक्त साली घ्यायच्या. मला त्यातला चिकटा हवाय."

"जगातली माणसं चिकटा जावा म्हणून भेंडी तासभर परततात. आणि तुला चिकटाच हवाय."

"हो."

"मग तुझी भेंडी पण तूच चीर, बाय," असं म्हणून त्याने सुरी हातात घेतली आणि पाच किलो भेंडी चिरली. राजारामचं हे असंच होतं. तो आधी रागावायचा आणि मग काम करायचा. राग न येता काम केलं तर ते नीट होत नाही अशी त्याची समजूत असावी. बंद पडलेला पंखा, ओल्या हाताने उघडलेली रजिस्टरं, आषाढातही एप्रनला इस्त्री मागणारे सर, मागच्या बाकावर बसून मोबाईल बघणारी तिसऱ्या वर्षाची मुलं, या सगळ्यांवर त्याचा राग रोजच्या रोज ताजा असे. मुली एकमेकींना विचारत, "आज काकांचा पीएच किती?" आणि दारातून आत डोकावून ठरवत, बीकर मागायचा की घरूनच आणलाय म्हणून सांगायचं.

तेजलचं काम मात्र त्याला हळूहळू आवडू लागलं. हे त्याने कोणाला कळू दिलं नाही. भेंडीचा चिकटा आणि कारखान्यातून बाटलीत येणारं ॲक्रिलिक ॲसिड, म्हणजे एक देवाने केलेली वस्तू आणि एक माणसाने केलेली, या दोघांचं ती मिळून एक जाळं विणायची. वाळलं की त्याच्या शर्टाच्या बटणाएवढ्या पिवळट, टणक चकत्या व्हायच्या. चकती साध्या पाण्यात टाकली की सहा तासांत फुगून लाडवाएवढी, पारदर्शक आणि थलथलीत. आपल्या वजनाच्या चाळीसपट पाणी पिऊन बसायची. तीच चकती आंबट पाण्यात टाका, ढिम्म हलायची नाही. तेजल म्हणायची, उद्या या चकतीत औषध भरलं तर पोटातल्या आंबटात ती मिटून बसेल आणि पुढे आतड्यात गेली की उघडेल. म्हणजे औषध जिथे हवं तिथेच उतरेल.

राजारामने हे घरी बायकोला, जाईबाईला, समजावून सांगितलं.

"आपली भावकी बघ. गणपतीत सगळे एका ओटीवर मांडीला मांडी लावून बसतात की नाही? ते आंबट पाणी. आता कोणीतरी सातबाऱ्याचा विषय काढायचा. सगळ्यांच्या पोटात एकच राग. मग जो तो दुसऱ्यापासून हातभर लांब सरकतो. ओटी पुरत न्हाय. मधे जी जागा झाली त्यात पाणी शिरतं. म्हणून ती चकती फुगते."

"आनि आंबट घातला की परत जवळ येत्यात?"

"येतात."

"मग जरा पिंपभर घेऊन या तुमच्या भावाकडं," जाईबाई म्हणाली आणि भाकरी उलटली.

चकती किती फुगली हे मोजायचं काम राजारामचं. थलथलीत गोळा चिमट्याने धरला की फुटायचा, म्हणून त्याने स्वतःच युक्ती काढली. जाईबाईच्या एका जुन्या, गडद रंगाच्या वायलच्या साडीतून सहा छोट्या पिशव्या शिवून घेतल्या. पिशवीत चकती, पिशवी बाटलीतल्या पाण्यात, दर अर्ध्या तासाने बाहेर काढून दोन मिनिटं टांगायची, टिपकागदावर दोनदा टेकवायची, तिसऱ्यांदा नाही, आणि काट्यावर ठेवायची. ओल्या पिशवीचं वजन त्यातून वजा. काटा काचेच्या पेटीत, पेटीची किल्ली राजारामच्या जानव्याला असावी तशी गळ्यात. तो जानवं घालत नव्हता, किल्ली घालत होता. वजन रजिस्टरात निळ्या शाईने, शेवटी 'रा. गो.' अशी सही. अठ्ठावीस वर्षांत त्याने लिहिलेल्या आकड्यावर कोणी लाल रेघ मारली नव्हती. माणसाला एखादीच गोष्ट मिरवायला असते. त्याला ही होती.

आणि गणपतीनंतर आकडे बसले.

चाळीसपट फुगणारी चकती बारापटीवर थांबायला लागली. एकदा नाही, दर वेळी. तेजलने चिकटा नव्याने काढला. ॲसिडची नवी बाटली फोडली. मोठ्या बरणीतल्या पाण्याचा पीएच रोज मोजला, तो बरोबर सात पूर्णांक चार. आणि चकती बारा. दिवाळी गेली, बारा. डिसेंबर आला, बारा. सोमवारी विद्यापीठाची समिती तिची प्रगती बघायला येणार होती आणि प्रगती उलट्या पावलांनी चालली होती.

तिचे मार्गदर्शक डॉ. गुरुप्रसाद. त्यांनी बुधवारी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. कॉलेजात दोष हा पाण्यासारखा असतो, तो उताराने वाहतो. विद्यापीठ प्राचार्यांना बोलतं, प्राचार्य विभागप्रमुखांना, प्रमुख मार्गदर्शकांना, मार्गदर्शक विद्यार्थ्याला, आणि विद्यार्थ्याच्या खाली परिचर उभा असतो. त्याच्या खाली पायरी नाही, म्हणून तिथे तळं होतं.

"राजाराम, वाईट वाटून घेऊ नकोस," सर म्हणाले. ज्या वाक्याची सुरुवात अशी होते त्याचा शेवट काय असतो हे राजारामला ठाऊक होतं. "वय झालं की नजर हलते."

"काट्यावर आकडे उमटतात, सर. सुई न्हाय. नजर हलली तरी आकडा हलत न्हाय."

"हात हलतो. पिशवी जास्त पिळली जात असेल."

"मी पिळत न्हाय. टेकवतो. दोनदा."

"तू म्हणतोस. पण बघितलंय कोणी? हे बघ, आपण गणपतीनंतरच्या सगळ्या वजनांवर लाल रेघ मारू. परिचराच्या हातून वजनं चुकली, असं समितीला सांगू. तेजल पुन्हा घेईल. स्वतः."

तेजल खाली बघत होती. राजारामला सरांपेक्षा त्याचंच जास्त लागलं. पाच किलो भेंडी आठवड्याला, मार्चपासून. तिला एक शब्द काढता आला नाही.

घरी जाऊन त्याने चप्पल अशी काढली की ती अंगणातल्या तुळशीपर्यंत गेली.

"आज कोनावर?" जाईबाईने विचारलं.

"मी चौदा पानं खोटी लिहिली म्हणे."

"लिवलीव?"

"तू पण?"

"मी आपला इचारला. न्हाय लिवलीव तर मग वराडताव कशाला? दाखवा त्यांना."

बायको रागात तेल ओतेल अशी त्याची अपेक्षा होती, तिने वात सरळ केली. ते काही त्याला आवडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी साडेनवाला तो सरांच्या दारात उभा होता.

"सर, आज तुमच्यासमोर घेतो. सहा बाटल्या, सहा तास. खुर्ची आणून ठेवलीय."

"मला लेक्चर आहे."

"तुमच्या लेक्चरला पोरं येत न्हाईत, सर. आजचा दिवस मीच लेक्चर देतो, तुम्ही बसा."

हे बोलून गेल्यावर त्याला स्वतःलाही धक्का बसला. सर आले. बहुधा एवढं उद्धट बोलणाऱ्याच्या हातून चूक होताना बघायची त्यांनाही उत्सुकता असावी. तेजलने बरणीतलं पाणी सहा बाटल्यांत ओतलं. पिशव्या काढताना एकीची शिवण उसवलेली निघाली, तेव्हा तिने आपला पांढरा हातरुमाल कापला आणि उभ्या उभ्या सुईदोऱ्याने नवी पिशवी शिवली. सहा चकत्या सहा पिशव्यांत गेल्या. दहा वाजून पाच मिनिटांनी राजारामने घड्याळ लावलं.

पहिला तासभर सर काट्याकडे बघत बसले. दुसऱ्या तासाला पेपर वाचू लागले. तिसऱ्या तासाला चहा आला. बाकी पाच पिशव्या शेवटीच मोजायच्या होत्या; पहिली मात्र राजाराम दर अर्ध्या तासाला काढायचा, टांगायचा, टेकवायचा, "दोनदा" असं मोठ्याने म्हणायचा आणि सरांकडे बघायचा. सर मान हलवायचे. "दोनदा." मान. "दोनदा." पुढे पुढे सर पेपरमधून डोकं वर न काढताच मान हलवू लागले, आणि राजाराम त्यावर रागावून तोच शब्द दोनदा म्हणू लागला.

चार वाजता सहाही पिशव्यांची शेवटची वजनं. सरांना फोन आला म्हणून ते व्हरांड्यात गेले. तेजल पलीकडे पाणी आणायला गेली होती. राजाराम एकटाच काट्याशी. पहिली पिशवी, अकरापट. दुसरी, बारा. तिसरी, बारा. चौथी, अकरा. पाचवी, बारा. त्याच्या मनात एक कडवट समाधान पसरू लागलं. घ्या. सरांच्या डोळ्यांदेखत बारा. आता काय म्हणणार, माझ्याबरोबर तुमची पण नजर हलली?

सहावी पिशवी, तेजलच्या रुमालाची. अडतीस.

त्याने पिशवी उचलली, काटा शून्यावर आणला, परत ठेवली. अडतीस. परत. अडतीस. तेच पाणी, तीच चकती, तोच काटा. वेगळी होती ती फक्त पिशवी.

राजारामने इकडेतिकडे बघितलं. त्याच्या डोक्यावर, त्यानेच वीस वर्षांपूर्वी रंगवलेली पाटी होती: 'प्रयोगशाळेतील कोणत्याही वस्तूची चव घेऊ नये.' त्याने पहिल्या पिशवीचं टोक जिभेला लावलं.

आंबट.

मग त्याला सगळं एकदम समजलं. गणपतीच्या सुमारास पिशव्यांना बुळबुळ धरू लागली होती. चकतीचे बारीक कण शिवणीत अडकायचे आणि धुवायला पाण्यात घातले की फुगून अजूनच चिकटायचे. कितीही चोळा, जात नव्हते. तेव्हा राजारामने विचार केला होता, ही शेवटी भेंडीच ना? भेंडीची तार कशाने तुटते? रत्नागिरीत हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. त्याने घरून मूठभर आमसुलं आणली, वाडग्यात भिजत घातली आणि त्या पाण्यात पिशव्या बुडवल्या. बुळबुळ आक्रसली, कण सुटले, पिशवी झटकली की साफ. नुसत्या पाण्यातून काढली तर राहिलेले कण परत फुगत, म्हणून तो खळबळतही नव्हता, पिळून उन्हात वाळवत होता. मूळची साडीच आमसुली रंगाची, त्यामुळे डाग कोणाला दिसायचा प्रश्न नव्हता. आपण तेजलचाच सिद्धांत तेजलच्या पिशव्यांना लावला, म्हणून त्याला मनातून फार बरं वाटलं होतं. त्याने कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. परिचराला पिशव्या कशा धुतोस, हे कोण विचारतो?

पिशवी पाण्यात गेली की तिच्यातलं आंबट पाण्यात उतरत होतं. बरणीत सात पूर्णांक चार, पण बाटलीत किती, हे कोणी बघितलंच नव्हतं.

व्हरांड्यात सर अजून फोनवर होते. शाई निळी होती, रकाना रिकामा होता. अडतीसच्या जागी बारा लिहायला काही लागलं नसतं. सर काट्याकडे परत बघणार नव्हते. समोर बसून सहाच्या सहा बारा आले असते, वजनं खरी ठरली असती, आणि उद्या नव्या पिशव्या गुपचूप शिवून दोष ॲसिडच्या कंपनीवर गेला असता. राजाराम तिथे मिनिटभर उभा राहिला. त्याला आतापर्यंत सरांवर राग होता, तेजलवर होता, विद्यापीठावर होता. आता स्वतःवर रागवायची पाळी आली आणि त्याची त्याला सवयच नव्हती, नेमकं कुठे ओरडायचं ते कळेना.

त्याने अडतीस लिहिलं. 'रा. गो.' अशी सही केली आणि तेजलला हाक मारली.

तिने पीएच मीटरची कांडी पहिल्या बाटलीत बुडवली. तीन पूर्णांक सहा. रुमालाच्या बाटलीत सात. ती कांडी धुवत राहिली, बराच वेळ.

"आमसूल," राजाराम म्हणाला. "मी धूत होतो. बुळबुळ जावी म्हणून."

"तीन महिने, काका."

"व्हय."

"मी ॲसिडची बाटली बदलली. भेंडी बदलली. मला वाटलं मलाच काही येत नाही. मी घरी सांगितलं होतं की सोडून देते." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. राजारामला वाटलं, हिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याला त्या कळल्या असत्या.

सर आत आले, त्यांनी ऐकलं, आणि आधी हसले. मग खुर्चीत बसले आणि विचारात पडले. "आमसूल असं समितीपुढे लिहिता येणार नाही. हसं होईल आपलं. असं करू, काटा बिघडला होता म्हणू. गणपतीनंतर. लाल रेघ मारू, नवीन वजनं सुरू. राजाराम, तुझ्यावरही काही येणार नाही. सुटलास."

आजवर राजारामला वाटत होतं, आपल्या खाली पायरी नाही. ती होती. तिच्यावर काटा होता.

"काटा बिघडलेला न्हाय," तो म्हणाला.

"अरे, कागदावर."

"कागदावर पण न्हाय." आता मात्र त्याचा आवाज खालच्या मजल्यावर फिजिक्सपर्यंत गेला. "काल माझा हात हलत होता, माझी नजर हलत होती. आज काटा बिघडला. तो बोलत न्हाय म्हणून? बारा दाखवलं तेव्हा बाराच होतं, सर. आंबटात बुडवली तर बाराच फुगणार. तुम्हीच शिकवता ना हे? मग वजन चुकलं कुठे? पिशवी चुकली. पिशवी मी धुतली. माझ्या नावाने लिहा. रेघ मारायची न्हाय."

"मेमो निघेल तुझ्यावर. कळतंय का?"

"निघू द्या की."

"तुला वाचवतोय मी, आणि तू..."

"मला नका वाचवू. रजिस्टर वाचवा."

सरांनी तेजलकडे बघितलं. ती बुधवारी गप्प बसली होती, आजही तिला राग होता, आणि तो राजारामवरच होता. पण ती म्हणाली, "सर, वजनं बरोबर आहेत. पाणी चुकीचं होतं. मी तसंच लिहिणार."

सोमवारी समितीपुढे तिने तसंच लिहिलं. समितीतले एक गृहस्थ हसले, दुसऱ्यांनी आमसुलं किती घातली होती ते विचारलं, ते कोणालाच नीट सांगता आलं नाही, आणि तेवढ्यामुळे ती चौदा पानं कशालाच उपयोगी पडली नाहीत. तेजलला चार महिन्यांची मुदत मिळाली. तिने मागितलेल्या सहा महिन्यांतून ती कापून मिळाली होती, त्यामुळे ती आठवडाभर राजारामशी कामापुरतंही बोलली नाही. चकत्यांचं वाडगं ठेवायची, निघून जायची.

मेमो त्याच्या पुढच्या बुधवारी आला. ऑफिसच्या क्लार्कने टेबलावर ठेवला आणि सहीसाठी बोट दाखवलं. राजारामने चष्मा लावून वाचला. 'आपण कर्तव्यात निष्काळजीपणा दाखवून पिशव्या अयोग्य पद्धतीने धुतल्या व चुकीची वजने घेतली.'

"पहिलं बरोबर आहे," तो म्हणाला. "दुसरं खोडा."

"मेमो आहे हा, काका. यात खोडाखोड नसते."

"मग नवीन काढा. पिशव्या धुतल्या, मान्य. न विचारता धुतल्या, तेही घाला, मान्य. चुकीची वजनं घेतली न्हाईत."

"सही करा ना. तेवढ्याने काय फरक पडतो?"

राजाराम त्याच्याकडे असा बघत राहिला की क्लार्कने पाण्याची बाटली जवळ ओढली. प्राचार्यांची बाहेर जायची वेळ झाली होती, सही घ्यायची होती, मागे फीचे दोन पालक खोळंबले होते. राजाराम काउंटरला टेकून उभा राहिला. पावणेबारा वाजले, साडेबारा वाजले. पालकांनी त्याला बाजूला व्हायची विनंती केली, त्याने त्यांनाही सगळी हकीकत आमसुलापासून सांगितली. त्यातले एक पालीचे निघाले, ते म्हणाले, "भेंडीला आमसूलच घालायचा, दुसरा काय घालनार?" आणि त्यांनीही क्लार्ककडे रोखून बघायला सुरुवात केली.

एक वाजता क्लार्कने नवा कागद छापला. राजारामने पहिल्या अक्षरापासून वाचला, 'न विचारता' हे शब्द आहेत याची खात्री केली, 'वजने' हा शब्द कुठेच नाही याची दोनदा केली, आणि खाली पूर्ण नाव लिहून सही केली. वार्षिक पगारवाढीवर याचा परिणाम होईल असं क्लार्क म्हणाला. "होऊ दे," राजाराम म्हणाला, आणि त्याचाही त्याला राग आला.

लॅबमध्ये तेजल आली होती. टेबलावर पाच किलो भेंडी, सुरी, आणि सहा पांढऱ्या पिशव्या, नव्या, मशीनवर शिवलेल्या. तिने त्या त्याच्यापुढे सरकवल्या.

"धुवायच्या फक्त डिस्टिल्ड वॉटरने," ती म्हणाली. आठवड्यातलं हे तिचं पहिलं वाक्य. "चार वेळा. आणि चौथ्या पाण्याचा पीएच मी बघणार."

"आता मला धुवायला शिकव तू, बाय."

"हो. शिकवणार."

राजारामने पिशव्या उचलून काटा असलेल्या पेटीच्या बाजूला ठेवल्या, स्टूल पायाने ओढला आणि सुरी हातात घेतली. एक भेंडी उचलून उजेडाकडे धरली.

"ही जून आहे," तो चिडून म्हणाला. "कोणी घेतली ही? तुला भाजी पण घेता येत न्हाय."

तेजलने दुसरी सुरी शोधली आणि समोर बसली.